शेती झोनचा पिवळा झोन झाला, आता रस्त्यावर हरकत घालू का?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, भाऊबंदकी आहे. आमचं गाव हद्दवाढीत मनपात गेलं आणि आता प्रारूप विकास आराखडा जाहीर झालाय. हरकती-सूचनांना ३० दिवस, त्यातले १२ गेले. आजोबांचे ११ गुंठे आजवर शेती झोनमध्ये होते, नव्या नकाशात पिवळे दाखवलेत म्हणजे रहिवासी. गावात पेढे वाटून झाले, एजंटांचे फोन चालू झाले. पण मी मनपात जाऊन भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढला, घरी येऊन झूम करून बघितला तर उत्तरेच्या बांधाला १८ मीटरचा डीपी रोड (डीपी म्हणजे हाच विकास आराखडा), आणि अख्खी रुंदी आमच्याच बाजूने घेतलीय, लांबी साधारण ३० मीटर. चुलतभाऊ म्हणतो रस्त्यावर हरकत घालू, पिवळा रंग तेवढा राहू दे. आर्किटेक्ट म्हणतो सध्या प्लॅन टाकूच नका. जायला-यायला दक्षिणेची पाणंद आहे, ६ मीटरची म्हणतात सगळे. हरकत घालावी की नको? आणि आत्ता परवानगीला टाकलं तर जुना झोन धरतात की नवा?

निवृत्त_आरेखक
आधी दुसरं. दोन्ही बघतात. एमआरटीपीचं, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं, कलम ४६ म्हणतं की प्रसिद्ध झालेलं प्रारूपही लक्षात घेऊनच परवानगी द्यायची, आणि प्रत्यक्षात दोन्हींत जे कडक ते लागतं. म्हणजे तुमची गंमत अशी की झोन जुना शेतीचा धरणार आणि रस्ता मात्र नवा धरणार 😀 आर्किटेक्ट बरोबर बोलला.

आता हरकतीचं. लोक रंग बघतात आणि खुश होतात, पण रंग फक्त सांगतो की इथे काय बांधता येईल, किती ते नियमावली सांगते, आणि डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर, ती सगळी रस्त्याच्या रुंदीवर चालते. मनपा हद्दीत ९ मीटरच्या आतला रस्ता असेल तर १.१ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेच्या बदल्यात मिळालेला, विकता येणारा बांधकाम हक्क) नाही, विषय संपला. ९ ते १२ मीटरला प्रीमियम-टीडीआर धरून २ पर्यंत, १५ ते २४ ला २.५ पर्यंत.

११ गुंठे म्हणजे १११३ चौरस मीटर. पाणंदीवर १.१ ने १२२४. रस्त्यात गेले १८ गुणिले ३० म्हणजे ५४०, सव्वापाच गुंठ्यांच्या वर, राहिले ५७३. पण १८ मीटर रस्त्यावर तेच ५७३ अडीचने १४३२ होतात. प्रीमियम भरावा लागेल, टीडीआर विकत घ्यावा लागेल, फुकट काही नाही. पण रस्त्यात गेलेल्या जागेचा मोबदला वेगळा, रोख किंवा टीडीआर, कलम १२६ वाचा. चुलतभावाला हा हिशोब कागदावर लिहून दाखवा.

सहा_मीटरवाला
पुण्यातून लिहितोय. आमची सोसायटी ६ मीटरच्या गल्लीत, ४० वर्षांची बिल्डिंग, बिल्डर येतो, टेप लावतो, चहा पितो आणि जातो. टीडीआर लागत नाही तर तो कशाला थांबेल. २०२० मध्ये असे शेकडो रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता, त्यावरून केवढा गदारोळ झाला. माझं म्हणणं असं की आराखडा २० वर्षांची लोकसंख्या धरून करायचा, त्यावरून पाणी ड्रेनेज रस्ते ठरवायचे आणि मग नियम त्याला जुळवायचे, पण आपल्याकडे उलटं, नियम मुंबईतून मधेच बदलतात आणि मग नकाशावर पेनाने रस्ते रुंद करायचे. पुण्याचा १९८७ चा डीपी, त्यानंतरचा जुन्या हद्दीचा मंजूर झाला २०१७ ला, ३० वर्षं! तोवर नियमात किती ठिगळं लागली मोजा.

निवृत्त_आरेखक
ठिगळं लागतात कलम ३७ ने, फेरबदल म्हणतात त्याला. नोकरीत मी स्वतः ट्रेसिंगवर लाल शाईने किती काढले त्याला गणती नाही. पण आहे त्यात हुशारीने हरकत घालणं एवढंच माणसाच्या हातात आहे.

वाट_पाहणारा
हरकतीचा काय उपयोग ओ. आमच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण, शेजारच्याचं शेवटच्या टप्प्यात उठलं, आमचं राहिलं. सुनावणीला दोन मिनिटं मिळाली, समोरचे साहेब मोबाईलवर. सगळं ठरलेलं असतं.

निवृत्त_आरेखक
राग समजतो, पण मुंबईचं विसरू नका. तिथला पहिला प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ ला आला, चुकांवरून एवढी ओरड झाली की एप्रिलमध्ये पुन्हा करायचे आदेश निघाले, आणि मंजुरी आली थेट २०१८ ला. आणि तुमच्या आरक्षणाला १० वर्षं होऊन संपादन झालं नसेल तर कलम १२७ ची खरेदी नोटीस द्या. २४ महिन्यांत त्यांनी संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. दिली का नोटीस?

वाट_पाहणारा
नाही. वकील बोलला होता, राहूनच गेलं.

बांधावरचा
सगळ्यांचे आभार. आज सकाळी पाणंद टेपने मोजली, कुंपणाच्या तारेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत ४.८० मीटर भरली! ६ कधीच नव्हती, लहानपणापासून ऐकत आलो एवढंच. आणि प्रारूपात ती दाखवलेलीच नाही. चुलतभाऊ हिशोब बघून गप्प बसलाय, पण म्हणतो रस्ता सगळा आपल्याच बाजूने का, पलीकडच्या गटातून एक इंचही नाही. हे मलाही पटतं.

निवृत्त_आरेखक
मग तीच हरकत. रस्ता रद्द करा असं लिहू नका, मध्यरेषा बांधावर आणा असं लिहा, म्हणजे ९ मीटर तुमच्यातून ९ त्यांच्यातून. पाणंद ९ मीटर दाखवा हा वेगळा मुद्दा. सातबारा, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा हद्दीचा नकाशा) आणि भाग नकाशाची मनपाची सही-शिक्क्याची प्रत जोडा, मोबाईलचा फोटो चालत नाही. गट नंबर पहिल्या ओळीत. शेवटी 'समक्ष सुनावणी मिळावी' हे वाक्य घालाच. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत मनपाच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात, जे बोलायचं ते तज्ज्ञांकडे बघून बोला. पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बांधावरचा
क प्रत २००४ ची आहे, चालेल का?

निवृत्त_आरेखक
आत्ता तीच जोडा. नवीन मोजणीचा अर्ज उद्याच टाका आणि त्याची पावती सोबत लावा.