पवई तलावाला ट्रॅक नको, काठ हवा

तळ्याकाठी:
पवई तलावालगतचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. तरी सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघतोच: "एवढा मोठा तलाव, आणि कडेने धड चालता येत नाही." इच्छा रास्त आहे. पण तोच प्रस्ताव नवं नाव घेऊन आला, तर मी विरोधच करेन.

पावसाळ्यात पाणी वर चढतं, मे महिन्यात खाली उतरतं. त्या मधल्या चिखलाच्या पट्ट्यावर तलावातले कितीतरी जीव जगतात. मगरी तिथे ऊन खात पडतात. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठाच्या मातीत खड्डा उकरून अंडी घालते. ट्रॅकसाठी काठावर जाळीत दगड भरून रचलेल्या गॅबियनमधून पाणी झिरपतं, त्यामुळे नुकसान होत नाही, असं सांगतात. पाणी झिरपेल हो, पण मगर दगडात खड्डा कसा उकरणार?

एकदा काठच्या पाण्यात उगवणाऱ्या पाणकणसाचा, म्हणजे त्या उंच गवताचा, दांडा जवळून बघा. त्याला बहुधा चतुराची वाळलेली कात चिकटलेली दिसेल, पाठीवर उभी चिरलेली. चतुराची अळी पाण्यात वाढते आणि शेवटी असल्याच दांड्यावर चढून कात टाकते. पंख वाळेपर्यंत ती दांडा सोडत नाही. काठ दगडाने बांधून काढला की हे दांडे गेलेच, आणि त्यामागून डास खाणारे चतुरही.

सकाळची फेरी:
मगरींचं सगळं मान्य. पण माणसांनी जायचं कुठे? तलावाशेजारच्या जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) कडेने सकाळी आठ वाजता चालून बघा, डंपरचा धूर नाकात जातो. माझ्या सासऱ्यांना गुडघ्यांमुळे सपाट वाटच लागते. मोठ्या संकुलांत आत बागा आहेत, चाळीतल्या आणि पाड्यांवरच्या पोरांना काय आहे? कायद्याने तलाव सगळ्यांचा, प्रत्यक्षात ज्यांच्या खिडक्या तिकडे उघडतात त्यांचा. तुमचा नैसर्गिक काठ त्यांना बाल्कनीतून फुकट बघायला मिळणार आणि आम्हाला कुंपणाबाहेरून.

बांधकामवाला:
सकाळची फेरी यांच्याशी सहमत. मुळात हा तलाव नैसर्गिक आहेच कुठे? 1891 मध्ये इंग्रजांनी पिण्याच्या पाण्यासाठी बांध घालून तो केला. बांधलेल्या गोष्टीला अजून थोडं बांधलं तर आभाळ कोसळत नाही.

रानवारा:
@बांधकामवाला, बांध माणसाने घातला, पण बाकीचा काठ मातीचाच राहिला आणि एवढ्या वर्षांत तिथे जे रुजायचं ते रुजलं. मगरीला बांधकामाचं साल विचारून अंडी घालता येत नाहीत.

नाल्याचं काय:
तुम्ही दोन्हीकडचे लोक ट्रॅकवर भांडताय आणि नाले तसेच तलावात येतायत. पिण्यासाठी बांधलेल्या तलावाचं पाणी आज पिण्याच्या लायकीचं नाही. जलपर्णी एवढी माजते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. यंत्र लावून काढायची, पुन्हा वाढली की पुन्हा काढायची. आधी सांडपाणी वळवा, मग काठाचं काय ते ठरवा.

सकाळची फेरी:
@नाल्याचं काय, माझा मुद्दा नेमका इथेच येतो. जिथे लोकांची वर्दळ नाही तिथे रात्री राडारोडा टाकला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. जिथे रोज माणसं फिरतात तिथला नाला फेसाळला तर दुसऱ्या दिवशी फोटोसकट तक्रार जाते. तळ्याला डोळे हवेत. दिसतच नसेल तर त्याच्यासाठी भांडणार कोण?

तळ्याकाठी:
ताई, हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. म्हणूनच माणसं कुठे हवीत ते आधी ठरवू. रस्त्याकडची बाजू आधीच दगडाने बांधलेली आहे, गणेशघाटही आहे. सगळा पैसा तिथे घाला: चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार, सावली, बाकं, स्वच्छ शौचालय, डंपर आणि पदपथ यांच्यामध्ये दाट झाडांची रांग. सासऱ्यांना तिथे आजपासून फिरता यायला हवं, त्यासाठी तलावात एक पाटी माती टाकावी लागत नाही.

उरलेला काठ मात्र सलग सोडा. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई आहे. त्यातून सूट फक्त होड्यांच्या धक्क्यांना. माणसाने पाण्यापाशी जाऊच नये असं नियम म्हणत नाही. तो म्हणतो, मोजक्या ठिकाणी जा, सगळी कड अडवू नका.

रानवारा:
यात एक भर. त्या सलग पट्ट्यात नुसतं "सोडून देणं" पुरणार नाही. ट्रॅकसाठी टाकलेला भराव पूर्ण निघाला का ते बघावं लागेल, पाणकणीस आणि लव्हाळा पुन्हा धरेल असा मंद उतार द्यावा लागेल. आणि कृपा करून शोभेची झाडं लावू नका.

सकाळची फेरी:
रस्त्याकडची बाजू आधी सुधारणार असाल तर माझं निम्मं भांडण मिटलं. निम्मं उरतंच. दुसऱ्या बाजूच्या पाड्यांवरच्या मुलांनी कमळपक्षी बघायला रस्त्यापलीकडून वळसा घालून यायचं का? त्यांच्यासाठी त्याच बाजूला, 50 मीटरच्या बाहेर, एक मातीची पायवाट आणि उंचावर बघायची जागा हवी. मगरींच्या विणीच्या महिन्यांत बंद ठेवा, माझी हरकत नाही. पण आराखड्यात ती पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे, "पुढच्या टप्प्यात बघू" हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.

तळ्याकाठी:
पायवाट मातीची, दिवे नाहीत, सायकल नाही. एवढं लिहून देत असाल तर त्या मागणीच्या पत्रावर माझीही सही घ्या.