मुलगा मित्रांबरोबर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट फिरायला चाललाय. 450 युरोत भागेल का?

गुहागरची आई

नमस्कार. मी गुहागरला असते, घरचीच खानावळ आहे आमची. मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला एमएस करतो, 23 वर्षांचा आहे. कर्ज काढून पाठवलंय. आठवड्यातले दोन दिवस तो गोदामात काम करतो. सप्टेंबरच्या सुट्टीत चौघं मित्र नऊ दिवस फिरणार आहेत: प्राग, मग व्हिएन्ना, मग बुडापेस्ट. प्रत्येकी 450 युरो ठरलेत. मी म्हटलं, अजून थोडे पाठवते, तर नको म्हणाला. मला माहीत आहे, पैसे संपले तरी तो सांगायचा नाही, एक वेळ जेवेल आणि राहील. फिरू नको असं नाही म्हणणार मी, या वयात नाही फिरायचं तर कधी? पण एवढ्यात खरंच होतं का? आणि चिपळूणचा एक ओळखीचा मुलगा महिनाअखेरीस तिकडे चाललाय, तीन किलो सामान नेईन म्हणालाय. त्याच्याबरोबर काय देऊ?

खाडीपलीकडचा

काकू, मी रत्नागिरीचा. 2022 ते 24 आखेनला शिकलो, आता परत आलोय. होतं एवढ्यात. हाताशी फार उरणार नाही, पण होतं. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, पुढे बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात, प्रवासाच्या आदल्या दिवशी काढली तर तिप्पटसुद्धा मोजावे लागतात. हॉस्टेल मात्र स्वयंपाकघर असलेलंच घ्यायला सांगा, अर्धा खर्च तिथेच वाचतो. आणि स्वतःचं कुलूप न्यायचं, बऱ्याच ठिकाणी लॉकर असतो पण कुलूप नसतं.

पण तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट वेगळी आहे, तिच्याबद्दल लिहितो.

सप्टेंबर 2023 मध्ये आम्ही चौघं पॅरिसला गेलो होतो. तिथल्या लूव्र संग्रहालयात 26 वर्षांखालच्यांना, युरोपात राहण्याचा परवाना असेल तर, प्रवेश फुकट आहे. भारतीय विद्यार्थ्यांनाही. आम्ही तिघं त्यात बसलो. चौथा नोकरी करून आलेला, 27 वर्षांचा, त्याला तेव्हा 17 युरोचं तिकीट होतं. दारात म्हणाला, ‘माझं डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या.’ आम्ही गेलो. साडेतीन तासांनी बाहेर आलो तर तो कारंज्याच्या कठड्यावर तसाच बसलेला, मांडीवर सकाळच्या पावाचा कागद घडी घालून ठेवलेला. तो कागद बघितला आणि मला कळलं की डोकं वगैरे काही दुखत नव्हतं. दीडेक हजार रुपयांसाठी तो पॅरिसला येऊन लूव्रबाहेर बसला होता, आणि आम्ही आत हसत फोटो काढत होतो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

त्या रात्री आम्ही वर्गणी काढली. प्रत्येकी 40 युरो एका पाकिटात, पाकीट एकाकडे. जेवण, मेट्रो, तिकिटं, सगळं त्यातून. कोणाला तिकीट फुकट असो वा महाग, सगळे आत किंवा सगळे बाहेर. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातून त्याचं तिकीट काढलं आणि मी त्याच्याबरोबर परत आत गेलो. हिशोबाची अ‍ॅप असतात फोनवर, आम्हीही वापरायचो. पण कोणी कोणाला किती द्यायचे तेवढंच ती सांगतात. आज कोणाच्या खिशात काही नाही, हे त्यांना कुठून कळणार? म्हणून निघण्याआधी चौघांनी बसून सगळ्यात कमी पैसे कोणाकडे आहेत ते विचारायचं आणि त्याच्या ऐपतीवर बेत आखायचा. मुलाला हे तुम्हीच सांगा काकू, मित्राने सांगितलं तर त्याला लागेल.

दापोलीकर मुलगी

मी सध्या व्हिएन्नात शिकते. पटापट लिहिते.

प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, युरो नाही. कार्ड लावल्यावर मशीन विचारतं की युरोत देऊ की स्थानिक चलनात. नेहमी स्थानिक चलनच निवडायचं, नाहीतर दर वाईट लागतो.

प्रागला कागदी तिकीट घेतल्यावर पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. आपल्याकडे एसटीत कंडक्टर जागेवर येतो, तिथे कोणी येत नाही, आणि येतो तो साध्या कपड्यातला तपासनीस. माझ्या मैत्रिणीकडे तिकीट होतं, शिक्का नव्हता. दंड भरला आणि दोन दिवस रडत होती.

पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड, दोन्ही मूळ बरोबर हवीत. तिन्ही देश जर्मनीसारखे शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत, वेगळा व्हिसा लागत नाही, पण जर्मनीने 2024 पासून सगळ्या जमिनीच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय. परतीच्या गाडीत पोलीस चढू शकतात.

व्हिएन्नात पाणी विकत घेऊ नका. नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून. शोनब्रुन राजवाड्याची बाग फुकट आहे, तिथे एक अख्खी संध्याकाळ ठेवा.

खाडीपलीकडचा

सामानाचं राहिलंच. तूप, पेढे, खवा, मटण-चिकनचं काहीही देऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे. हापूस तर विसराच, ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र त्यातून सूट आहे. पण तीन किलोत नारळ कशाला? कुळथाची पिठी द्या, मेतकूट द्या, थोडी आमसुलं. आम्ही ब्रसेल्सच्या हॉस्टेलमध्ये रात्री दहाला पिठी केली होती. एक ढवळतोय, एक चिमटीने पीठ सोडतोय, आणि केरळचा मित्र भाताच्या पातेल्यापाशी ताटली घेऊन उभा. दहा मिनिटांत चौघांचं जेवण.

गुहागरची आई

तुम्हा दोघांचे खूप आभार. काल रात्री फोन केला. वर्गणीचं बोलले तर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, चौघांत सगळ्यात कमी माझ्याकडेच आहेत, म्हणून तर तुला नको म्हटलं होतं. मी नाही रडले त्याच्यासमोर. आज रात्री चौघं बसणार आहेत, व्हिएन्नातली एक रात्र कमी करायचा विचार आहे. उद्या कुळीथ भाजून गिरणीत नेते. एकच विचारायचंय, हॉस्टेलात लसणीची फोडणी चालते का?

दापोलीकर मुलगी

चालते काकू, पण स्वयंपाकघरातच, आणि पंखा लावून. धूर झाला तर अलार्म वाजतो. तेल जास्त तापू द्यायचं नाही. व्हिएन्नाची रात्र कमी करू नका म्हणावं, आमच्या खोलीत दोघांची जमिनीवर सोय होईल, उरलेल्या दोघांसाठी मैत्रिणीला विचारते. पिठी घेऊन या म्हणजे झालं.