मदत हवी आहे: छोट्या डिझेल ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवताना रेस किती ठेवायची?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ९ बाय ५ फुटांची लागवड. यंदा २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला, मागे ६०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणारं फवारणी यंत्र. गोडी छाटणीनंतरच्या (फळांसाठीच्या छाटणीनंतरच्या) फवारण्या चालू आहेत आणि घरात रोज रेसवरून वाद होतोय.

वडील रेसचा काटा, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, १५०० च्या वर जाऊ देत नाहीत. रेस वाढवली की इंजिन झिजतं, डिझेल उगाच जातं, असं त्यांचं म्हणणं. ट्रॅक्टर विकणाऱ्याने सांगितलं होतं की डिझेल इंजिन फुल्ल रेसवरच चालवायचं. मीटरवर २००० जवळ ‘५४०’ अशी खूण आहे, ती नेमकी कशासाठी हे त्यानेही सांगितलं नाही.

माझी खरी अडचण अशी की १५०० वर प्रेशरचा काटा अगदी बरोबर असतो, नोझल छान उडतात, पण कॅनॉपीच्या (वेलींच्या पानोऱ्याच्या) आतली पानं कोरडीच राहतात. डावणी रोगाचे (केवड्याचे) डाग पण आतल्याच पानांवर दिसायला लागलेत. फुलोरा तोंडावर आहे, म्हणून जरा घाईने विचारतोय. औषध बदलू, की रेस? पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) ५४० आणि ७५० असे दोन वेग आहेत, त्यातला कुठला घ्यायचा? रोटाव्हेटर आणि ट्रॉलीसाठी काय ठेवायचं तेही सांगा.

ट्रॅक्टर मेकॅनिक, पिंपळगाव

भाऊ, औषधाला हात लावू नका, आधी रेस बघा. ५४० ची खूण म्हणजे इंजिन तिथे असताना पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे मारतो. मधले गिअर ठरलेले असतात, त्यामुळे इंजिन १५०० वर आणलं की पीटीओ ४०५ वर येतो. ब्लोअरचा पंखा ५४० धरून बनवलेला असतो, म्हणजे तुमच्या बागेत हवा पाऊणच जातेय.

मग प्रेशर बरोबर कसं दिसतं? पंप गरजेपेक्षा जास्त पाणी उचलतो आणि रेग्युलेटर जास्तीचं पाणी टाकीत परत सोडतो. रेस कमी केली की परत जाणारं पाणी कमी होतं, नोझलवरचं प्रेशर मात्र तेवढंच राहतं. गेज पाण्याचं आहे, हवेचं नाही. थेंब आत नेऊन पानं हलवायचं काम हवेचं, आणि ती कमी पडली की बाहेरची पानं चिंब, आतली कोरडी.

वडिलांना १५०० वर इंजिन हलकं वाटतं ते खरंच आहे. पंखा पाऊण वेगाने फिरवला तर त्याला लागणारी ताकद निम्म्याच्याही खाली, साधारण ४२ टक्क्यांवर येते. खुणेवर नेल्यावर डिझेल जास्त जाईल, कारण पंखा तेवढं जास्त काम करेल. पण त्याने इंजिन झिजत नाही, कंपनीने त्याच कामासाठी तो वेग ठरवलाय. हातरेसचा दांडा खुणेवर ठेवला की पुढचं गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग राखणारा भाग, बघतो: लोड आला की डिझेल वाढवतो, लोड गेला की कमी करतो. म्हणून रेस जास्त म्हणजे डिझेल पूर्ण उघडं, असं नसतं. विकणाऱ्याचं ‘फुल्ल’ही धरू नका. दांडा शेवटपर्यंत ओढला तर रिकामं इंजिन खुणेच्या बरंच पुढे जातं आणि पंखाही.

इंजिन खरं मरतं ते कमी रेस आणि जड लोड एकत्र आले की. आवाज दबतो, धडधड वाढते, काळा धूर येतो. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखाही इंजिनच्याच वेगाने चालतात, त्यामुळे नेमकी उष्णता वाढते तेव्हा थंडावा कमी पडतो.

रोटाव्हेटरलाही ५४० चीच खूण. काटा खाली बसला आणि धूर काळा झाला तर रेस ओढत बसू नका, खालचा गिअर टाका किंवा खोली कमी करा. ट्रॉलीला पीटीओ नसतो, तिथे वडिलांचं बरोबर आहे: वरचा गिअर, कमी रेस. पारख अशी करायची की चालत्या गाडीत रेस थोडी दाबायची. इंजिनने धूर न काढता लगेच वेग घेतला तर गिअर बरोबर, नाही घेतला तर एक गिअर खाली. भरलेली ट्रॉली उतारावर असेल तर मात्र आधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच नाही. उतारावर लोडच इंजिनला ढकलतो, तिथे गव्हर्नरचं काही चालत नाही.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

मेकॅनिकदादांनी सांगितलं ते पटलं. एक भर घालतो. रेस खुणेवर गेली की ट्रॅक्टरही जोरात पळायला लागतो आणि ओळीतून जास्त वेगाने गेलात तर मिळालेली हवा वायाच जाते. रेस अवजारासाठी, चाल गिअरने ठरवायची. बागेत ५० मीटर मोजून खुणा करा, अर्ध्या भरलेल्या टाकीने ते अंतर ४० सेकंदांत कापलं तर वेग ताशी साडेचार किलोमीटर होतो. दाट कॅनॉपीत मी याच्यावर जात नाही.

९ फुटी ओळींत एकरात सुमारे १४७५ मीटर चालावं लागतं. या वेगाने वळणं सोडून जवळपास २० मिनिटं. एकरी ४०० लिटर हवं असेल तर सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला २० लिटर पडायला पाहिजे. नोझलखाली बादल्या लावून मोजून घ्या.

आणि पाण्याने निळा होणारा पिवळा कागद मिळतो, तो आतल्या पानांना, घडाजवळ क्लिपने लावा. नुसतं पाणी भरून एक ओळ १५०० वर, एक ओळ खुणेवर मारा आणि कागद वडिलांच्या हातात द्या. आमच्याकडे हा वाद त्या कागदांनीच मिटला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उद्या सकाळी वारा पडलेला असताना कागद लावतो. ७५० चं तेवढं राहिलं. त्यावर टाकून १५०० ला चालवलं तर वडिलांचंही राहील आणि हवाही मिळेल ना?

ट्रॅक्टर मेकॅनिक, पिंपळगाव

हिशोबाने मिळेल. तुमच्या ट्रॅक्टरला २००० वरच ७५० मिळत असतील तर १४४० च्या आसपास पीटीओ ५४० वर येईल. अडचण ताकदीची आहे. २४ एचपी हे इंजिनच्या वरच्या वेगाचे, १४४० वर तेवढे मिळत नाहीत आणि पूर्ण हवेचा ब्लोअर त्याला दाबेल. पंखा न्यूट्रलला टाकून नुसत्या पंपावर तणनाशक मारायचं असेल तर तसं जरूर चालवा, डिझेल वाचेल.

मोठा धोका वेगळाच. पीटीओचा दांडा ७५० वर आहे हे विसरून कोणी रेस २००० ला नेली तर पंख्याला ५४० च्या मानाने पावणेतीनपट ताकद लागते. पाती, बेअरिंग, शाफ्ट, काहीतरी तुटणार. घरात दोघं-तिघं ट्रॅक्टर चालवत असाल तर ब्लोअरसाठी ५४० च ठरवून टाका. पीटीओ जोडताना रेस खाली, जोडल्यावर हळूहळू खुणेपर्यंत. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलं असेल तर आजच लावा, वडिलांचं उपरणं त्या बाजूला जाऊ देऊ नका. आणि रोज टाकी भरताना रेडिएटरची जाळी बघा, या दिवसांत ती पानांनी आणि औषधाच्या चिकट थराने भरते.