'जहाजसमाधी' चालेल का?

प्रश्न : नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या व्हायकिंग उत्खननावर (१९०४-०५) लिहितोय. इ.स. ८३४ मध्ये दोन बायकांना साडेएकवीस मीटर लांबीच्या ओकच्या जहाजात ठेवून वर टेकाड रचलं होतं. या प्रकाराला 'जहाजसमाधी' म्हणू का?

– नको हो! मराठीत जहाजाला एकच समाधी मिळते, जलसमाधी. निम्म्या लोकांना वाटेल, जहाज बुडालं. त्यात समाधी म्हटलं की आळंदी आठवते, आणि या बायका कोण होत्या हे तर अजून ठरलेलं नाही.

– 'नौकादफन' बरा. फक्त समास सोडवून बघा : नौकेत दफन की नौकेचं दफन? ओसेबर्गला दोन्ही लागू. जहाज पुरलंच, शिवाय नक्षीदार गाडा, चार घसरगाड्या, पलंग, घोडेसुद्धा.

– इनामगावला लहान मुलं मडक्यांत पुरलेली सापडली, त्या मडक्यांना 'दफनकुंभ' म्हणतात. त्याच चालीवर ते जहाज 'दफननौका' आणि प्रथा 'नौकादफन'. दोन्ही ठेवा.

प्रश्नकर्ता : पटलं. पण तीस वल्ह्यांच्या जहाजाला 'नौका' म्हणजे फार लहान नाही वाटत?

– युद्धनौका काय लहान असते? लहान वाटते ती होडी.

प्रश्नकर्ता : बरं. फळीवर फळी चढवून जोडल्या आहेत, तिथे 'खिळे' लिहिलंय.

– 'रिबिट' लिहा, कुठल्याही वर्कशॉपमध्ये हाच शब्द ऐकाल. खिळा ठोकला की काम संपलं. इथे आरपार गेलेल्या टोकावर लोखंडी चकती बसवून ते टोक चेपलेलं असतं. इंग्लंडात सटन हू इथे (१९३९) असंच नौकादफन सापडलं, तेव्हा जहाजाचं लाकूड पार कुजून गेलं होतं, वाळूत उरल्या त्या रिबिटांच्या रांगा आणि फळ्यांचा ठसा. ते व्हायकिंग नव्हे, अँग्लो-सॅक्सन. लेखात गल्लत करू नका.

प्रश्नकर्ता : शेवटचं. ओसेबर्गचं लाकूड निळसर चिकणमातीत हजार वर्षं टिकलं. बाहेर काढल्यावर काही घसरगाड्यांचं लाकूड तुरटीच्या गरम द्रावणात मुरवलं. याला 'रासायनिक संवर्धन' म्हणू?

– संवर्धन म्हणजे वाढवणं, झाडांचं नाहीतर गुरांचं. इथे त्या तुरटीतूनच आम्ल तयार होऊन लाकूड आतून भुसभुशीत झालंय. सरळ 'तुरटीची प्रक्रिया' लिहा.