उत्तर: रुंद टायर लावले की जमीन वाचते?

जंगलात तोडलेले ओंडके वाहणाऱ्या यंत्रांना रुंद टायर लावले आणि त्यांत हवा कमी ठेवली की जमीन वाचते, हे अर्धंच खरं. त्याने वरच्या थरावरचा दाब घटतो. खोलवर माती किती दबेल हे मुख्यतः चाकावरच्या एकूण भारावर ठरतं. स्वीडन-फिनलंडमधला मोठा फॉरवर्डर (ओंडके जंगलातून बाहेर वाहून नेणारं यंत्र) भरल्यावर 30 टनांच्या पुढे जातो. माती ओली असेल तर अर्धाच भार भरावा, नाहीतर जमीन गोठेपर्यंत थांबावं.

दुसरा उपाय म्हणजे वाटेवर फांद्यांची गादी. हार्वेस्टर (झाड तोडणारं यंत्र) खोडावरच्या फांद्या छाटतो तेव्हा फांद्या-शेंडे बाजूला न टाकता स्वतःच्या पुढ्यात, वाटेवरच पाडायचे. सर्वाधिक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं, त्यामुळे गादी पहिल्या फेरीआधी हवी. चिरडून मातीत रुतली की पुन्हा भर घालायची. याच फांद्या जळणासाठी विकून टाकल्या की मऊ जमिनीत चाकोऱ्या पडणारच. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळं उथळ असतात. ती चाकांखाली सोलली गेली की बुरशी शिरते आणि न तोडता राखलेलं झाडही कुजतं. मुख्य वाट कोरड्या उंचवट्यावरून काढावी. ओढा टाळता येत नसेल तर ओंडक्यांचा तात्पुरता पूल टाकावा आणि काम संपल्यावर तो उचलावा. चाकोरी उताराने ओढ्याकडे गेली, तर पहिल्याच पावसात गाळ थेट पाण्यात उतरतो.