न ठरवता निघण्याबद्दल

शांत बसण्यासाठी पुण्या-मुंबईतील कॅफेच गाठावे लागतात, मराठवाड्यात तशी जागा नाही, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मात्र अचानक निघण्यातला आनंद वेगळाच असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. छत्रपती संभाजीनगरात नोकरीला लागल्यावर एका मंगळवारी अनपेक्षित सुट्टी मिळाली, म्हणून मी सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळला निघालो आणि तिथे पोहोचल्यावर कळले, की मंगळवारी लेणी बंद असतात (अजिंठ्याची सोमवारी). मग घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन जवळच्या चहाच्या टपरीवरील बाकावर मी दोन तास बसलो, आणि कित्येक महिन्यांत कामाचा विचार मनात न आलेली तीच पहिली दुपार होती.