मदत हवी आहे : आमवात, सकाळी न वळणारी बोटं आणि चार डबे

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात, ऑफिस ऐरोलीला, वय ४३. दोन वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड. औषध सोडायचं नाहीये, तेव्हा 'अमुक खा, गोळ्या सुटतील' असे सल्ले कृपया नकोत. प्रश्न जेवणाचा आहे.

गेल्या वर्षी मी एक मूर्खपणा केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी बघून गहू, दूध, टोमॅटो, बटाटा, वांगं एका दिवसात बंद. तीन महिन्यांत पाच किलो वजन गेलं, हिमोग्लोबिन घसरलं, सांधे होते तसेच. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) नसेल तर गहू सोडायचं कारण नाही, टोमॅटो-वांग्यांनी सूज वाढते याला पक्का पुरावा नाही, आणि संशय आलाच तर एकच पदार्थ काही आठवडे थांबवून पुन्हा खाऊन बघायचा. घरी येऊन आधी भरली वांगी केली.

आता आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर तारली (ओमेगा-३ भरपूर, आणि पापलेटसारखा खिसा कापत नाहीत). कडधान्यं, पालेभाजी वाढवली, फरसाण आणि बेकरी जवळपास बंद. सूज उतरली ती औषधाने, पण दुपारनंतरची मरगळ कमी वाटते.

आता अडतंय कुठे? जून-जुलैत मासेमारी बंद, मागोमाग श्रावण, आणि सासूबाई तो कडक पाळतात. तेव्हा काय खायचं?

दुसरं म्हणजे हात. 'ताजं, घरचं खा' सगळेच सांगतात, पण ते करणारे हात माझेच. बोटं साडेसातपर्यंत आखडलेली आणि डबे सातला निघतात. भाकरी थापणं, नारळ खवणं जमतच नाही. तुम्ही कसं निभावता?

शिवाय शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा आणून देतात. घ्यावा का?

प्रतिसाद १
काढा नको गं. आपली प्रतिकारशक्ती आधीच आपल्यावर उलटलीय, तिला आणखी चेव कशाला? २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली होती. त्यात तू मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे यकृताकडे लक्ष ठेवावंच लागतं. भाजीतली हळद बिनधास्त खा, हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रतिसाद २
ताई, मला ल्युपस आहे (तोही प्रतिकारशक्ती उलटल्याचाच आजार), पण हातांचं रडगाणं तेच. थापायचं सोडूनच द्या. ज्वारी किंवा नाचणीचं पीठ रात्री पातळ भिजवा, सकाळी पळीने तव्यावर ओतून धिरडी. चिरणं-निवडणं रात्री, हात चालतात तेव्हा. खवलेला नारळ फ्रीजरमध्ये. आणि तवा दोन कानांचा घ्या, एका मनगटावर भार येत नाही. बंदीच्या आधी बांगडे साफ करून फ्रीजरमध्ये टाकले की जून-जुलै निघतो. श्रावणात जवस, अक्रोड. जवसातलं ओमेगा-३ शरीर माशातल्या प्रकारात फार थोडं बदलतं, पण महिन्याभराचाच प्रश्न आहे. तोवर उसळी आहेतच.

धागाकर्ती
धिरड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं! आज रात्रीच पीठ भिजवते. यकृताचं कळल्यावर काढा बंद. पण काकू उद्या सकाळी पेला घेऊन दारात उभ्या राहतील, त्यांना काय सांगू? त्या माझ्यासमोर पिऊन संपवायला लावतात.